तीनशेपैकी साडेचार

बँकेच्या काउंटरवर, सेतू केंद्रात, सातबारा काढायला गेल्यावर एक वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं : 'सर्व्हर डाउन आहे.' पुढे बहुधा 'उद्या या'. या वाक्याशी भांडता येत नाही, कारण कोणी काय केलं, कशाने झालं, याचा त्यात पत्ताच नसतो. बड्या कंपन्यांची दिलगिरीही याच जातीची, फक्त शब्द जास्त. काही तांत्रिक कारणांमुळे सेवा खंडित झाली होती, आता पूर्ववत झाली आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

ग्राहकाला आधी एवढंच कळायला हवं असतं की माझं काय गेलं? मग, जे उरलंय त्यावर विसंबू का? राग जरा उतरला की, हे पुन्हा होणार नाही कशावरून? 'चूक कोणाची' हेही तो विचारतो, पण ते संतापाच्या भरात. उत्तर मिळालं तरी त्याचं काही भागत नाही. डेटाबेस बंद पडला तर ग्राहकाला काय आणि कसं सांगावं, याचा मला ठाऊक असलेला सर्वांत चांगला धडा ज्या कंपनीने घालून दिला, तिच्या कारभारात त्या रात्री जवळजवळ काहीच धड नव्हतं. म्हणून तर ती गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

गिटलॅब हा युक्रेनच्या दिमित्री झापोरोझेत्स यांनी २०११ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. पुढे नेदरलँड्सचे सिड सायब्रांडी त्यात आले, कंपनी झाली, ते तिचे प्रमुख झाले. या कंपनीला कचेरी अशी नव्हती. माणसं आपापल्या देशात, आपापल्या घरून कामं करत. प्रोग्रामर लोक आपला कोड गिटलॅबवर ठेवतात आणि त्या कोडभोवतीची सगळी देवाणघेवाणही तिथेच चालते. कुठे बिघाड आहे याच्या नोंदी, त्यावरचे शेरे, बदल मंजूर करायच्या विनंत्या, कोणाला कशात शिरायची मुभा आहे त्याची खाती. यात एक भेद आहे आणि तो पुढे फार कामाचा ठरला. कोड स्वतः फायलींच्या रूपात वेगळ्या यंत्रांवर असे. भोवतीचा सगळा संसार मात्र पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये होता, आणि त्या डेटाबेसचं आकारमान होतं सुमारे ३०० गिगाबाइट.

हा डेटाबेस दोन यंत्रांवर होता. एक मुख्य, एक दुय्यम. मुख्य यंत्र सगळी कामं करी. दुय्यम त्याची हुबेहूब नक्कल ठेवी, म्हणजे मुख्य यंत्र बंद पडलं तर दुय्यम पुढे करता यावं. ही नक्कल कशी होते ते कळलं, तर त्या रात्रीचं अर्धं कोडं सुटतं. जुन्या पेढीवर कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. व्यवहार झाला की आधी कीर्दीत, झाला त्या क्रमाने. मग सवडीने खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर. पोस्टग्रेस अगदी असंच करतो. कोणताही बदल आधी क्रमवार नोंदवहीत उतरतो, मग मूळ तक्त्यांत जातो. दुय्यम यंत्राला खतावणी कोणी दाखवत नाही. त्याच्याकडे कीर्दीची पानं एकामागून एक येतात आणि त्यांवरून ते आपली खतावणी लिहीत राहतं. जागा वाचावी म्हणून मुख्य यंत्र कीर्दीची जुनी पानं ठरावीक काळाने फाडून टाकतं. दुय्यम यंत्र मागे पडलं आणि त्याला हवं असलेलं पान नेमकं फाडलं गेलं, तर पुढचं लिहिता येत नाही. मग एकच उपाय उरतो : त्याची अर्धवट खतावणी पुसायची आणि मुख्य यंत्रावरून सगळी पहिल्यापासून उतरवून घ्यायची. फाडलेली पानं आधी दुसरीकडे जपून ठेवायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. गिटलॅबने ती वापरात आणलेली नव्हती.

आता ३१ जानेवारी २०१७, मंगळवार. वेळा भारतीय घड्याळाने सांगतो. का ते पुढे कळेल. रात्री १० वाजून ५० मिनिटांनी गिटलॅबच्या एका इंजिनिअरने मुख्य डेटाबेसची एक प्रत काढली आणि चाचणीच्या यंत्रावर, ज्याला या धंद्यात स्टेजिंग म्हणतात तिथे, नेऊन ठेवली. डेटाबेसवरचा भार वाटून देण्याची एक नवी युक्ती त्याला करून पाहायची होती. अशी प्रत दिवसातून एकदा आपोआप निघतच असे. त्याला ताजी हवी होती म्हणून त्याने हाताने काढली. पुढे काय वाढून ठेवलंय याची त्याला कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास डेटाबेसवरचा भार एकाएकी वाढला. स्पॅमवाल्यांचा हल्ला असावा असं आधी वाटलं, आणि थोडाफार तो होताही. पण नंतर उघड झालं की त्यात एक घरचंच काम मिसळलेलं होतं. कोणीतरी खोडसाळपणे गिटलॅबच्या एका कर्मचाऱ्याच्याच खात्याविरुद्ध तक्रार केली होती, ती चुकून ग्राह्य धरली गेली आणि त्या कर्मचाऱ्याचं खातं त्याच्या सगळ्या नोंदींसकट पुसून टाकण्याचं काम पडद्यामागे सुरू झालं होतं. स्वतःच्याच माणसाला स्पॅमर समजून आपण हाकलायला निघालो होतो, हे ग्राहकांपुढे सांगायला जरा धीर लागतो. गिटलॅबने सांगितलं.

पहाटे साडेचारला दुय्यम यंत्र इतकं मागे पडलं की त्याला हवी असलेली पानं मुख्य यंत्रावरून नाहीशी झाली होती. हे काम सांभाळणारा इंजिनिअर नेदरलँड्सच्या वेळेत काम करत होता. तिथे मध्यरात्र झाली होती. तो खरं तर काम आवरून उठण्याच्या बेतात होता, तेवढ्यात हे निघालं.

त्याने दुय्यम यंत्रावरचा डेटा पुसला आणि पूर्ण नक्कल उतरवून घेणारं अवजार, पीजी-बेसबॅकअप, चालवलं. अवजार म्हणालं, मुख्य यंत्रावरची एक मर्यादा कमी पडते. ती वाढवली, तर पोस्टग्रेस सुरूच होईना; कारण एका वेळी ८००० जोडण्या घ्यायची परवानगी तिथे देऊन ठेवलेली होती. ती २००० वर आणली तेव्हा कुठे तो उठला. मग अवजार पुन्हा चालवलं. आता ते तक्रारही करेना आणि कामही करेना. नुसतं थांबून राहिलं.

हा सगळा घोळ त्या मुक्या थांबण्यातून झाला, असं मला वाटतं. मुख्य यंत्राकडून डेटा यायला सुरुवात होईपर्यंत हे अवजार शांतपणे वाट पाहतं. त्यात बिघाड काही नाही, त्याची रीतच ती. पण पडद्यावर त्याबद्दल एक अक्षर येत नव्हतं. पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तकात हे स्पष्ट नव्हतं आणि गिटलॅबच्या स्वतःच्या रनबुकमध्येही, म्हणजे अशा वेळी काय करायचं याच्या टिपणवहीतही, नव्हतं. नेदरलँड्समधल्या रात्री साडेबाराला, दुय्यम यंत्र रिकामं पडलेलं असताना, गप्प बसलेल्या पडद्यापुढचा माणूस काहीतरी तर्क करणारच. त्याला वाटलं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत अवजाराने दुय्यम यंत्रावर अर्धवट फायली टाकल्या असतील, त्या आड येत असतील. ते फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करू. भारतात पहाटेचे पाच वाजले होते. त्याने पुसायची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की समोरची खिडकी मुख्य यंत्राची आहे. त्याने आज्ञा तोडली. ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते.

आता 'माणसाच्या चुकीमुळे' असे दोन शब्द लिहून मोकळं होता आलं असतं. बहुतेक कंपन्या तेच करतात, आणि ते खोटंही नसतं. पण ग्राहकाच्या तिसऱ्या प्रश्नाला त्यातून काही उत्तर मिळत नाही. माणसं चुकणारच, उद्या दुसरा कोणी चुकेल. ती चूक झाल्यावर पुढे कोणकोणती दारं बंद असायला हवी होती आणि ती सताड उघडी का होती, हे खरं सांगायचं असतं. इथून पुढचा भाग मला त्या आज्ञेपेक्षा कितीतरी भयंकर वाटतो.

पहिलं दार दुय्यम यंत्राचं. ते थोड्या वेळापूर्वी स्वतःच्या हाताने पुसलेलं होतं. तसं नसतं तरी त्यावर विसंबणं चूकच. मुख्य यंत्रावर कोणी चुकीची नोंद पुसली तर तीही नक्कल होऊन तिथे इमानाने पुसली जाते. नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे.

दुसरं दार रोजच्या बॅकअपचं. दर चोवीस तासांनी संपूर्ण डेटाबेस उतरवून ॲमेझॉनच्या एस-३ या साठवणीत टाकला जावा अशी व्यवस्था होती. त्या रात्री तिथे जाऊन पाहिलं तर साठवण रिकामी. कारण शोधलं तेव्हा असं निघालं : गिटलॅबचा डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर चालत होता. बॅकअप काढणारी आज्ञा मात्र दुसऱ्या एका यंत्रावरून सुटत असे, आणि त्या यंत्रावर डेटाबेस नसल्यामुळे कोणती आवृत्ती वापरायची हे तिथल्या सॉफ्टवेअरला उमगत नसे. मग ते ठरल्याप्रमाणे जुनी ९.२ आवृत्ती उचले. ९.२ चं अवजार ९.६ चा डेटाबेस पाहताच काम सोडून देतं. म्हणजे बॅकअपचं काम ठरल्या वेळी सुरू होई आणि लगेच आटोपे.

मग हे कोणाला कळलं कसं नाही? कळवायची सोयही होती. काम फसलं की ई-मेल जावी अशी व्यवस्था केलेली होती, आणि मेल निघतही होत्या. पण आपल्या नावाने कोणी खोट्या मेल धाडू नयेत म्हणून कंपन्या डीमार्क नावाची एक तपासणी लावतात. या स्वयंचलित मेलांवर त्या तपासणीला हवी ती ओळख नव्हती, तेव्हा घेणाऱ्या बाजूने त्या खोट्या ठरवून परत लावल्या. फसलेलं काम, त्याची खबर आणि खबरीची पडताळणी अशा तिन्ही गोष्टी आपापल्या जागी ठरवल्याप्रमाणेच चालत होत्या, आणि तिन्ही मिळून कोणालाच काही कळत नव्हतं. माझ्या मते या संबंध प्रकरणातली शिकण्यासारखी जागा हीच.

तिसरं दार मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरचं. गिटलॅबची यंत्रं तेव्हा तिथे होती आणि डिस्कची आपोआप प्रत काढायची सोय तिथे मिळते. कोडच्या फायली होत्या त्या यंत्रांवर ती चालू होती, डेटाबेसच्या यंत्रांवर नव्हती. बाकीचे बॅकअप आहेतच की, असा त्यामागचा हिशेब. बॅकअपचे आणि नकलेचे पाच मार्ग योजलेले होते आणि त्यांतला एकही भरवशाचा निघाला नाही, हे कंपनीने त्या रात्रीच जाहीर लिहून टाकलं.

उरली ती चाचणीसाठी हाताने काढलेली प्रत. सहा तास जुनी. ती नसती तर आपोआप निघालेल्या आधीच्या प्रतीवर समाधान मानावं लागलं असतं, आणि नुकसान सहा तासांवर न थांबता चोवीस तासांकडे सरकलं असतं. पण ती होती चाचणीच्या यंत्रावर, आणि चाचणीची यंत्रं स्वस्तातली असतात. तिथल्या डिस्क इतक्या संथ की डेटा मुख्य यंत्रावर आणायलाच जवळजवळ १८ तास गेले. या अठरा तासांत कोणी काही चुकत नव्हतं, कोणी काही शोधतही नव्हतं; फायली सरकत होत्या. ग्राहकाला 'आम्ही युद्धपातळीवर प्रयत्न करत आहोत' असं सांगण्याची या वेळी फार उबळ येते. खरं उत्तर असतं, डिस्क हळू आहे, त्याला इलाज नाही.

डेटा आल्यावर दोन बारीक कामं उरली होती. बाहेरच्या सॉफ्टवेअरला खबर देणारे दुवे, ज्यांना वेबहुक म्हणतात, ते चाचणीच्या यंत्रावर नेताना काढून टाकत. नाहीतर चाचणीतल्या खोट्या खबरा खऱ्या लोकांना जायच्या. ते वेगळे परत घालावे लागले. दुसरं काम मला फार आवडतं. डेटाबेस प्रत्येक नव्या नोंदीला पुढचा क्रमांक देतो. सहा तास मागे गेलेल्या डेटाबेसने क्रमांक जिथे सोडले होते तिथूनच देणं पुन्हा सुरू केलं असतं, तर हरवलेल्या नोंदींचे क्रमांक नव्या नोंदींना मिळाले असते, आणि जुन्या मेलांत किंवा इतर यंत्रणांत राहिलेले ते क्रमांक भलत्याच गोष्टीकडे बोट दाखवू लागले असते. म्हणून सगळे क्रमांक एकदम १,००,००० ने पुढे ढकलले. 'जे उरलंय त्यावर विसंबू का' या प्रश्नाचं उत्तर असल्या कामांत असतं, आणि ग्राहकाला ती सहसा कोणी सांगत नाही.

१ फेब्रुवारीच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास, भारतीय वेळेने, साइट पुन्हा उघडली. सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० शेरे आणि ७०० नवी खाती कायमची गेली. कोड आणि त्यासोबतची विकीची पानं शाबूत राहिली, आणि ज्यांनी गिटलॅबचं सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रावर बसवलं होतं त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही.

आता भारतीय घड्याळाचं. नोंदी हरवल्या त्या रात्री १०.५० ते पहाटे ५.३० या वेळातल्या. साइट बंद होती ती पहाटेपासून रात्री पावणेबारापर्यंत. म्हणजे इथल्या प्रोग्रामरचं हरवलं जेमतेम काही, पण बुधवारचा अख्खा दिवस बुडाला. त्याच दिवशी अरुण जेटली अर्थसंकल्प मांडत होते, रेल्वेचा त्यात पहिल्यांदाच सामावून घेतलेला. तेव्हा टीव्ही पाहायला निमित्त मिळालं असेल तेवढंच. सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रोग्रामरचं नेमकं उलटं. तिथे हरवलेले तास सकाळी ९.२० ते दुपारी ४ चे, म्हणजे कामाचा जवळजवळ पूर्ण दिवस. साइट बंद राहिली ती बरीचशी संध्याकाळी आणि रात्री. घटना एकच आणि दोन ग्राहकांची तक्रार निरनिराळी. पहिल्याला 'आता चालू झालं' हे पुरेसं आहे. दुसऱ्याला ते ऐकून संताप येईल, कारण चालू झालेल्या साइटवर त्याचा मंगळवार नाही. दोघांना एकच मजकूर पाठवायचा असेल तर तो वेळांनी सुरू व्हायला हवा.

समजा, डेटाबेस कशाशी खातात हे माहीत नसलेल्या ग्राहकाला मराठीत लिहायचं असतं, तर मी असं लिहिलं असतं :

'आपला कोड सुरक्षित आहे. तो वेगळ्या यंत्रांवर असतो. ३१ जानेवारीच्या रात्री १०.५० पासून १ फेब्रुवारीच्या पहाटे ५.३० पर्यंत आपण नवा प्रकल्प उघडला असेल, शेरे लिहिले असतील किंवा नवं खातं काढलं असेल, तर ते गेलं आहे आणि आम्ही ते परत आणू शकणार नाही. त्याआधीच्या नोंदी जागेवर आहेत. या वेळात उघडलेल्या प्रकल्पाचा कोड आपल्या संगणकावर असेल, तर प्रकल्प नव्याने उघडून तो चढवता येईल. आमच्याकडून दुय्यम यंत्रावर द्यायची पुसण्याची आज्ञा मुख्य यंत्रावर दिली गेली. अशा वेळी बॅकअप कामी यायला हवे होते. ते निघतच नव्हते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. हा दोष कंपनीचा आहे.'

यात कीर्द-खतावणी नाही, डीमार्क नाही, ८००० जोडण्या नाहीत. ज्याला खोलात जायचंय त्याच्यासाठी ते वेगळं लिहावं, पण पहिल्या पत्रात त्याची अडचणच होते. माहितीच्या ढिगाऱ्याखाली 'परत आणू शकणार नाही' हे वाक्य दडपून टाकायचा मोह फार मोठा असतो. 'परत आणण्याचे सर्वतोपरी प्रयत्न सुरू आहेत' असं लिहिलं की ग्राहक वाट पाहत बसतो, आणि हाताशी असलेल्या गोष्टींवरून स्वतः काही जुळवायची त्याची वेळ निघून जाते.

गिटलॅबने खोलातलं वेगळं लिहिलंच. त्या रात्रीच त्यांनी आपली कामाची टिपणं सगळ्यांना वाचता येतील अशी खुली केली आणि इंजिनिअर काय करताहेत ते यूट्यूबवर थेट दाखवायला सुरुवात केली. एका वेळी ५,००० लोक ते पाहत होते. या थेट प्रक्षेपणाचं त्या वेळी फार कौतुक झालं. मला त्यात जरा तमाशाचा भाग वाटतो. फायली सरकताना पाहून कोणाचा हरवलेला शेरा परत येत नाही. मोल आहे ते १० फेब्रुवारीला प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखी अहवालाचं. वर सांगितलेलं जवळजवळ सगळं त्यात आहे, प्रमुखांच्या माफीसकट. आज्ञा देणाऱ्याचा उल्लेख त्यात फक्त 'टीम-मेंबर-१' असा येतो. आणि तो कोण होता यापेक्षा त्याला दोन खिडक्या वेगळ्या ओळखता का आल्या नाहीत, याची चर्चा अधिक आहे.

पुढच्याच वर्षी गिटहब या गिटलॅबच्या मोठ्या प्रतिस्पर्ध्यावर वेळ आली, आणि तिथे प्रश्न निराळा निघाला : किती वेळ लागेल म्हणून सांगायचं? २१ ऑक्टोबर २०१८ ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक नादुरुस्त ऑप्टिकल उपकरण बदलताना तिथल्या डेटा सेंटरचा संपर्क तुटला. ४३ सेकंद. तेवढ्यात डेटाबेस सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने, पूर्वेकडचं यंत्र गेलं असं समजून, मुख्यपद पश्चिम किनाऱ्यावर नेलं. पण पूर्वेकडे शेवटच्या काही क्षणांत लिहिल्या गेलेल्या नोंदी पश्चिमेला पोचलेल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या लिहिल्या जाऊ लागल्या. आता दोन्हीकडे काही ना काही असं होतं की जे दुसरीकडे नाही. त्यांतल्या एका फार वापरातल्या डेटाबेसवर अशा लटकलेल्या नोंदी होत्या ९५४.

इतक्याशा नोंदींवर पाणी सोडून गिटहबला लवकर मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. साइट रडतखडत चालली तरी चालेल, पण नोंद हरवायची नाही, असं ठरवून त्यांनी बॅकअपवरून पूर्वेकडचा डेटाबेस पुन्हा उभा केला आणि त्याला पश्चिमेच्या बरोबरीला आणलं. ४३ सेकंदांचं निस्तरायला २४ तास ११ मिनिटं लागली. निर्णय योग्यच होता, पण मध्येच त्यांनी ग्राहकांना साधारण दोन तासांत होईल असा अंदाज दिला, आणि तो साफ चुकला. अनेक टेराबाइटचा डेटा दूरच्या साठवणीतून आणून, उघडून, तपासून लावायला तास न् तास लागतात. त्यातून लोक कामाला लागले की नव्या नोंदींची भर पडते आणि मागे पडलेलं यंत्र आणखी मागे पडतं. पुढे आपल्या विश्लेषणात गिटहबने हा चुकलेला अंदाजही मांडला. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर दोन तासांचा खोटा अंदाज 'सांगता येत नाही' यापेक्षा वाईट, कारण दोन तास तो काही दुसरी सोय करत नाही.

आणि कधी कधी सांगायचं ठरवलं तरी सांगणार कोणाला, असा पेच येतो. ॲटलासियन ही सिडनीची कंपनी. तिचं जिरा हे सॉफ्टवेअर हिंजवडीपासून व्हाइटफील्डपर्यंत आयटीतल्या माणसाला दिवसातून दहा वेळा उघडावं लागतं. ५ एप्रिल २०२२ ला त्यांना आपलं एक जुनं, नको असलेलं ॲप ग्राहकांच्या साइटवरून काढायचं होतं. एका टीमने दुसरीला क्रमांकांची यादी दिली. ती ॲपच्या क्रमांकांची असायला हवी होती. होती अख्ख्या साइटच्या क्रमांकांची. पुसणारा प्रोग्राम दोन्ही प्रकारचे क्रमांक मुकाट्याने घेई, आणि खरंच हे पुसायचंय का, असं विचारत नसे. २३ मिनिटांत ७७५ ग्राहकांच्या ८८३ साइट गेल्या. इथे बॅकअप व्यवस्थित होते. पण ते सगळं एकगठ्ठा मागे न्यायच्या सोयीचे होते. इतरांच्या नव्या नोंदींना धक्का न लावता नेमके हे ७७५ ग्राहक वेचून परत बसवायची तयारी नव्हती. काहींना १४ दिवस थांबावं लागलं.

त्या १४ दिवसांतला सर्वांत लाजिरवाणा तपशील असा की साइटबरोबर ग्राहकाचे संपर्काचे पत्तेही पुसले गेले होते. कोणाला कळवायचं हेच कंपनीपाशी धड उरलं नव्हतं. ग्राहकाने आपण होऊन तक्रार नोंदवायची म्हटली, तर अर्जात आपल्या साइटचा पत्ता भरावा लागे, आणि अशी साइट अस्तित्वात नाही म्हणून यंत्रणा अर्ज घेत नसे. नेमकं कोणाला लिहायचं ते ठरेपर्यंत कंपनी जाहीरपणेही फारसं बोलली नाही. ते चुकलं, आधीच आणि सगळ्यांना सांगायला हवं होतं, असं तिने नंतर मान्य केलं. तोवर ज्यांचं काही गेलं नव्हतं तेही धास्तावले होते.

राहिला दुरुस्तीचा हिशेब. गिटलॅबने जाहीर केलेल्या उपायांत सर्वांत स्वस्त होता तो खिडक्यांचा : मुख्य यंत्रावर काम करताना आज्ञेच्या ओळीचा रंग लाल, चाचणीच्या यंत्रावर पिवळा, आणि यंत्राचं पूर्ण नाव समोर दिसेल असं. कीर्दीची पानं फाडण्याआधी वेगळ्या जागी साठवायला सुरुवात करायचं ठरलं. बॅकअप निघाला की नाही एवढ्यावर न थांबता, तो ठरावीक वेळी आपोआप एका वेगळ्या यंत्रावर लावून डेटाबेस खरंच उठतो का ते पाहायचं आणि त्याचा निकाल सगळ्यांना दिसेल असा मांडायचा, हेही ठरलं. आणि हे सगळं जागेवर आहे की नाही ते पाहायला एक माणूस जबाबदार, कारण तोवर बॅकअप हे सगळ्यांचं काम होतं आणि त्यामुळे कोणाचंच नव्हतं.

ते मुकं अवजारही पुढे सुधारलं. पोस्टग्रेसच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये पीजी-बेसबॅकअपला तपशील सांगायला लावलं, तर सुरुवातीलाच पडद्यावर एक ओळ येते : बॅकअप सुरू करत आहे, चेकपॉइंट पूर्ण होण्याची वाट पाहत आहे.